बदलते पत्ते, अनेक वाटा : क्लस्टर जाळ्यांतला अर्धवट सुटलेला प्रश्न

लिनक्सवर आरडीएमए वापरणाऱ्या प्रोग्रामला जोडणी-व्यवस्थापक ज्या घटना कळवतो, त्यांत 'पत्ता बदलला' अशी एक घटना आहे. दोन कार्डं एकत्र बांधलेली असली आणि चालू कार्ड बंद पडून काम राखीव कार्डाकडे गेलं, की ती येते. माहितीपुस्तिका मात्र प्रांजळपणे बजावते की ही सूचना केवळ इशाऱ्यादाखल समजावी. बाकीची वाहतूक आता दुसऱ्या कार्डावरून चालली आहे एवढं कळवून झालं. तुमची जोडणी तिकडे न्यायची की नाही, न्यायची तर कशी, हे तुमचं तुम्ही बघा.

साध्या टीसीपीवर चालणाऱ्या कामाला हा प्रसंग जाणवतही नाही. आयपी पत्ता तोच राहतो, राखीव कार्ड एआरपीची हाळी देऊन शेजाऱ्यांना आपला हार्डवेअर पत्ता सांगतं, आणि मधल्या मधे हरवलेली पॅकेटं कर्नल पुन्हा पाठवतो. आरडीएमएत कर्नलला बाजूला ठेवलेलं असतं. एका यंत्राच्या मेमरीतला डेटा दुसऱ्याच्या मेमरीत कार्डानेच नेऊन ठेवायचा, प्रोसेसरने मधे पडायचं नाही, हाच तर त्याचा फायदा. त्यासाठी समोरच्याचा पत्ता, जायची वाट, पॅकेटांचे क्रमांक हे सारं जोडणी होतानाच कार्डात भरून ठेवावं लागतं. वेग मिळतो तो त्यामुळे, आणि पुढची सगळी अडचणही त्यामुळेच.

पत्ते बदलणं ही प्रशासकांची डोकेदुखी मानली गेली, तर एकाहून अधिक वाटा वापरणं हा संशोधकांचा विषय. दोन्हींवर वेगवेगळी माणसं वेगवेगळं लिहीत आली. या आढाव्यात दोन्ही एकत्र घेतले आहेत, कारण जोडणी जन्मतःच एका जागेला आणि एका वाटेला बांधली जाते, या एकाच निर्णयाचे ते दोन परिणाम आहेत.

नाव, पत्ता आणि वाट

हा भेद नवा नाही. झेरॉक्स पार्कमधल्या जॉन शॉक यांनी १९७८ मध्येच नाव, पत्ता आणि वाट या तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात असं मांडलं होतं. १९८२ मध्ये एमआयटीच्या जेरोम सॉल्टझर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: यंत्र वेगळं आणि ते जाळ्याला जिथे जोडलंय ती जागा वेगळी. दोन पोर्ट असलेल्या यंत्राला हे लागू करून पाहिलं, की आजचा निम्मा वाद समजतो.

क्लस्टर जोडणाऱ्या इन्फिनिबँड या जाळ्याने हा धडा कागदावर तरी नीट गिरवला. 'फ्यूचर आय-ओ' आणि 'नेक्स्ट जनरेशन आय-ओ' हे दोन प्रतिस्पर्धी गट १९९९ मध्ये एक झाले आणि २००० मध्ये पहिलं विनिर्देशपत्र आलं. त्यात प्रत्येक पोर्टला कारखान्यातूनच ६४ बिटांचा जीयूआयडी मिळतो. त्याला सबनेटचा उपसर्ग जोडला की १२८ बिटांचा जीआयडी होतो. आणि प्रत्यक्ष पॅकेट ज्यावर धावतं तो सोळा बिटांचा लिड सबनेट मॅनेजर, म्हणजे सबनेटचा कारभार पाहणारा प्रोग्राम, वाटतो. जीयूआयडी हा रेशनकार्डाचा नंबर म्हटला, तर लिड हा त्या सकाळी रांगेत हातात पडलेला टोकन.

सोळाच बिट ठेवण्यामागे व्यवहार होता. स्विच लिडला थेट आपल्या तक्त्यातला अनुक्रमांक म्हणून वापरतो. त्या ओळीत लिहिलेल्या पोर्टावर पॅकेट ढकललं की काम झालं, शोधाशोध नाही. यंत्रांना वाटता येतील असे लिड १ ते ४९,१५१, म्हणजे एका सबनेटला पुरून उरतील इतके.

जोडणी करताना सबनेट मॅनेजरच्या सेवेला विचारायचं, 'या जीआयडीकडे कसं जायचं?' ती 'पाथ रेकॉर्ड' देते, त्यातला लिड कार्डातल्या क्यू पेअरमध्ये (पाठवण्याच्या आणि घेण्याच्या रांगांची जोडी; बोलीभाषेत क्यूपी) भरला जातो आणि जोडणी कामाला लागते. इथून पुढे नावाला कोणी विचारत नाही. क्यूपीला स्वतःचा २४ बिटांचा क्रमांक असतो आणि तो प्रत्येक पॅकेटात जातो. म्हणजे जोडणीला जागेवर अवलंबून नसलेली ओळख आहेच. पण पॅकेट स्वीकारणारं कार्ड पाठवणाऱ्याचा लिडही ताडून पाहतं आणि जुळला नाही तर पॅकेट टाकून देतं. इंटरनेटवर क्विक प्रोटोकॉलने (आरएफसी ९०००, २०२१) नेमकं याच्या उलट केलं: ओळख क्रमांकाने पटवायची, पत्ता बदलला तर नव्या पत्त्याची खातरजमा करून चालू ठेवायचं. मोबाइल वायफायवरून डेटावर गेला तरी क्विकवरचं डाऊनलोड चालू राहू शकतं ते यामुळे. लाखो रुपयांच्या क्लस्टरला ही सोय नाही, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा गंमत वाटते.

पत्ता कशाने बदलतो

सबनेट मॅनेजर नव्याने सुरू झाला आणि कोणाला कोणता लिड दिला होता याची नोंदवही त्याला सापडली नाही, हे पहिलं कारण. 'ओपनएसएम' हा मॅनेजर ही नोंद फाइलमध्ये ठेवतो. मुख्य आणि राखीव मॅनेजर वेगवेगळ्या यंत्रांवर असले आणि त्यांच्या फाइली जुळत नसल्या, तर सत्तांतर झालं की लिड हलण्याची शक्यता असते. स्वतंत्र चाललेली दोन सबनेट एका केबलने जोडली गेली तर एकच लिड दोघांकडे निघतो आणि कोणातरी एकाला तो सोडावा लागतो. अशा वेळी यंत्रांना लिड बदलल्याची, मॅनेजर बदलल्याची, 'पुन्हा नावनोंदणी करा' अशी घटना येते. ती शेवटची घटना मल्टिकास्ट गटांसाठी फार महत्त्वाची, कारण नव्या मॅनेजरला जुन्या गटांचे सभासद माहीत असतीलच असं नाही.

इन्फिनिबँडवरून आयपी चालवताना (आरएफसी ४३९१, २००६) वेगळीच गुंतागुंत होते. तिथला हार्डवेअर पत्ता २० बाइटचा: चार बाइटांत क्यूपीचा क्रमांक, सोळांत जीआयडी. लिड त्यात मुद्दामच नाही, त्यामुळे लिड बदलला तरी एआरपीचा तक्ता खरा राहतो. शिळी होते ती पाथ रेकॉर्डची साठवण. उलट इंटरफेस बंद करून सुरू केला तर क्यूपी नवा, म्हणून एआरपी शिळा. दोन थरांतल्या नोंदी दोन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात आणि बाहेरून लक्षण एकच दिसतं: पिंग जात नाही. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये, म्हणजे कार्डं एकत्र बांधण्याच्या सोयीत, इन्फिनिबँडला फक्त 'एक चालू, बाकी राखीव' हीच पद्धत चालते. हा पत्ता कार्डावर हवा तसा लिहिता येत नाही, त्यामुळे कार्ड बदललं की बाँडचा पत्ताही बदलतो.

इथरनेटवरच्या आरडीएमएत, म्हणजे आरओसीईत (सगळे त्याला 'रॉकी'च म्हणतात), लिड नाही. तिथे यंत्राचे आयपी पत्ते जीआयडीच्या तक्त्यात उतरतात आणि प्रोग्राम त्या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक धरून चालतो. आयपी पत्ता काढला, घातला, नवा व्हीलॅन आला की ओळी मागेपुढे होऊ शकतात. जीपीयू क्लस्टर चालवणाऱ्या कोणाच्याही सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये डोकावलं, तर 'एनसीसीएल आयबी जीआयडी इंडेक्स' बरोबर तीन, अशी (एनसीसीएल ही जीपीयूंमधल्या संवादाची लायब्ररी) ओळ सापडण्याची शक्यता दाट. बहुतेक यंत्रांवर तिसऱ्या क्रमांकावर आयपीव्ही-४ चा रॉकी-२ वाला (रॉकीच्या दुसऱ्या आवृत्तीचा) जीआयडी येतो, म्हणून तीन. एखाद्या यंत्रावर तो पाचवर असला की सगळं काम त्या एकापाशी अडतं, आणि त्रुटीचा संदेश येतो तो भलत्याच गोष्टीचा.

आता वेळेचा हिशेब. क्यूपीने पाठवलेल्या पॅकेटाची पोच आली नाही तर कार्ड किती थांबतं? ४.०९६ मायक्रोसेकंद गुणिले दोनाचा एक घात. घात १४ असला तर सुमारे ६७ मिलिसेकंद. पुन्हा पाठवण्याची कमाल मुभा सात वेळा. म्हणजे एकूण आठ प्रयत्न, साधारण अर्धा सेकंद. मग जोडणी मेली. एनसीसीएलमध्ये हा घात आधी १४ होता, मग १८ झाला, पुढे २०. वीसच्या हिशेबाने एक प्रयत्न ४.३ सेकंदांचा आणि आठ मिळून चौतीस सेकंद. मायक्रोसेकंदांसाठी बांधलेल्या जाळ्यात अर्ध्या मिनिटाची वाट पाहणं ठरलेल्या पद्धतीतच येऊन बसलं. माझ्या मते या तीन आकड्यांत गेल्या काही वर्षांतलं धोरण पुरतं दिसतं: जोडणी हलवता येत नाही, तर निदान केबल परत शुद्धीवर येईपर्यंत दम धरा.

वाटा असूनही एकच वाट

चार्ल्स लायझरसन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या फॅट-ट्री रचनेत कुठल्याही दोन टोकांमध्ये अनेक समान वाटा असतात. पण इन्फिनिबँडमध्ये लिड ठरला की वाट ठरली, कारण प्रत्येक स्विचच्या तक्त्यात त्या लिडपुढे एकच पोर्ट. म्हणून विनिर्देशपत्रात एलएमसीची सोय केली. तीन बिटांच्या या आकड्याने एका पोर्टला १ पासून १२८ पर्यंत लागोपाठचे लिड देता येतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आखता येते. किंमत उघड आहे: प्रत्येकाला १२८ लिड दिले तर सबनेटमध्ये ३८३ पोर्ट मावतात. शिवाय कुठल्या लिडवर कुठला डेटा टाकायचा हे वरच्या लायब्ररीने ठरवायचं.

वाट तुटली तर त्यावर उपाय म्हणून 'ऑटोमॅटिक पाथ मायग्रेशन' होतं. क्यूपीत मुख्य वाटेबरोबर एक पर्यायी वाट आधीच भरून ठेवायची. प्रयत्न संपले की कार्ड स्वतःच पर्यायी वाटेवर उडी घेतं आणि वर फक्त कळवतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डी. के. पांडा यांच्या गटाने २००७ मध्ये याचे सुरुवातीचे अनुभव प्रसिद्ध केले. कल्पना देखणी होती, पण मर्यादा ठळक होत्या. पर्याय एकच, तोही त्याच कार्डाच्या पोर्टांवरचा. कार्डच गेलं तर उपयोग नाही. एकदा उडी घेतली की नवा पर्याय सॉफ्टवेअरनेच भरायचा. आणि लिडच बदलले असतील तर भरून ठेवलेली वाटही मुख्य वाटेइतकीच शिळी. पत्त्याचा प्रश्न न सोडवता वाटेचा सोडवायला गेलं की काय होतं, याचं हे चोख उदाहरण आहे.

रॉकी-२ (२०१४) आल्यावर पॅकेट यूडीपीत गुंडाळलं गेलं आणि इथरनेटच्या दुनियेतली ईसीएमपी पद्धत फुकटात मिळाली: स्विच पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश काढून वाट ठरवतो. वेबच्या हजारो लहान प्रवाहांना हे छान जमतं. एआय प्रशिक्षणात प्रवाह मोजके आणि अवाढव्य. दोन प्रवाह एकाच वाटेवर पडले की बाकीच्या वाटा मोकळ्या असूनही ती तुंबते. मेटाने २०२४ मध्ये आपल्या जाळ्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात याचीच तक्रार आहे. त्यांचा उपाय म्हणजे एकाच जोडीसाठी जास्त क्यूपी. लामा-३ या भाषा-मॉडेलच्या प्रशिक्षणावेळी दोन जीपीयूंमध्ये एकाऐवजी १६ प्रवाह केले होते. हॅशला चकवायचा जुगाडच हा, पण चालला.

प्रत्येक पॅकेट वेगळ्या वाटेने सोडलं तर? तिथे मूळ रचनेतली आणखी एक गाठ लागते. मोठा संदेश अनेक पॅकेटांत विभागला जातो, पण मेमरीत कुठे लिहायचं तो पत्ता फक्त पहिल्या पॅकेटात असतो. पाचवं पॅकेट तिसऱ्याच्या आधी पोचलं तर ते कुठे ठेवायचं हे जुन्या कार्डाला कळत नाही. मधलं पॅकेट हरवलं असं समजून कार्ड तिथपासूनचं सगळं पुन्हा मागवतं. वाटा वाढवायच्या तर आधी क्रमाचा आग्रह सोडावा लागतो.

जबाबदारी कोणाची

पत्ता किंवा वाट बदलली तर जोडणी कोणी सांभाळायची, यावर आज चार मतं दिसतात.

पहिलं मत म्हणजे जाळ्यानेच हे सांभाळावं. पत्ते स्थिर ठेवणं हे मॅनेजरचं काम, वाटा बदलणं स्विचचं. टोकांना काही कळायची गरज नाही. क्रेच्या एरीस जाळ्यात स्विच पॅकेटागणिक कमी गर्दीची वाट निवडू शकत असे. पुण्याच्या आयआयटीएममधला २०१८ चा 'प्रत्यूष' महासंगणक याच जाळ्यावर उभा होता. एचपीईचं स्लिंगशॉट आणि आजचं इन्फिनिबँडही हीच दिशा धरून आहेत. बाजू भक्कम आहे: प्रोग्राम बदलावे लागत नाहीत आणि निर्णय मायक्रोसेकंदांत होतो. दुबळी जागा एकच, पण मोठी. यंत्रापासून पहिल्या स्विचपर्यंतच्या केबलला पर्याय नसतो, आणि तिथे स्विच कितीही शहाणा असून भागत नाही. अलिबाबाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एचपीएन रचनेत प्रत्येक कार्डाची दोन पोर्टं दोन वेगळ्या रॅक-स्विचांना जोडली, ती याचसाठी.

दुसरं मत कार्डाच्या बाजूचं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये मांडलेल्या एमपी-आरडीएमएने कार्डातच अनेक वाटा सांभाळून दाखवल्या, तेही प्रत्येक जोडणीमागे सुमारे ६६ बाइट जादा मेमरी घेऊन. हा आकडा महत्त्वाचा, कारण कार्डावरची मेमरी तुटपुंजी असते आणि वाटांमागे नोंदी वाढल्या तर सगळा वेग त्यातच जातो. अॅमेझॉनच्या एसआरडीने (२०२० चा लेख) त्याही पुढे जाऊन क्रमाची हमीच काढून टाकली. पॅकेटं अनेक वाटांवर उधळायची आणि क्रम वरच्या थराने लावायचा. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या अल्ट्रा इथरनेट कन्सॉर्शियमचं पहिलं विनिर्देशपत्र जून २०२५ मध्ये आलं, त्यातही पॅकेटं उधळणं मध्यवर्ती आहे आणि कार्डांमधली जोडणी कायमची न ठेवता गरजेपुरती उभारली जाते. क्षणभंगुर जोडणीत जुना पत्ता साठून राहण्याला वावच कमी. एकूण चर्चेतला हा सर्वांत आशादायक धागा मला वाटतो.

तिसरं मत मधल्या थराचं. आयबीएमच्या एसएमसी-आरमध्ये (आरएफसी ७६०९, २०१५) दोन यंत्रांमध्ये जोडण्यांचा गट असतो; एक तुटली की त्यावरची टीसीपी संभाषणं गटातल्या दुसऱ्या जोडणीवर जातात. लस्टर या फाइल-प्रणालीचा एलनेट थर २०१७ च्या २.१० आवृत्तीपासून अनेक कार्डं एकत्र वापरतो आणि पुढे प्रत्येकाच्या तब्येतीचे गुणही ठेवू लागला. एका कार्डावरून दुसऱ्यावर जाणं इथेच सहज शक्य होतं. मात्र मेमरीची परवानगी-किल्ली कार्डागणिक वेगळी असते. प्रत्येक बफर प्रत्येक कार्डाकडे नोंदवून त्या किल्ल्या समोरच्याला आधीच कळवून ठेवाव्या लागतात. शिवाय प्रत्येक लायब्ररीने हे सारं पुन्हा स्वतः लिहायचं.

चौथं मत सगळ्यांत रांगडं: जोडणी मेली तर काम थांबवा आणि शेवटच्या चेकपॉइंटपासून सुरू करा. एमपीआय या समांतर गणनेच्या मानकाचं ठरलेलं वर्तन हेच आहे. याला हसण्यात अर्थ नाही; वर्षानुवर्षं शास्त्रीय गणनं यावरच झाली. प्रश्न आकाराचा आहे. लामा-३ च्या प्रशिक्षणात १६,३८४ जीपीयूंवर ५४ दिवसांत ४१९ अनपेक्षित खंड पडले, त्यांतले ८.४ टक्के स्विच किंवा केबलमुळे. एका केबलपायी एवढी यंत्रं थांबवणं परवडत नाही, असं आता या मताचे पाठीराखेही कबूल करतात. पण दुसरी बाजूही आहे: निम्म्याहून अधिक खंड जीपीयू आणि त्यांच्या मेमरीमुळे पडले होते, म्हणजे चेकपॉइंटची यंत्रणा तशीही हवीच.

अजून काय बाकी आहे

पत्ता मुद्दाम बदलायचा असतो तेव्हा काय, याला सर्वमान्य उत्तर नाही. चालू काम एका यंत्रावरून उचलून दुसऱ्यावर ठेवायचं तर लिड, जीआयडी आणि क्यूपीचा क्रमांक तिन्ही हलतात. ऑस्लोच्या सिम्युला संशोधन केंद्रातल्या गटाने आभासी यंत्रांना स्वतःचे लिड देणारी रचना सुचवली. ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'मायग्रओएस'मध्ये क्यूपीला 'थांबलेला' यासारख्या नव्या अवस्था देऊन समोरच्या टोकाला धीर धरायला शिकवलं. काम होतं, पण कार्डाच्या नियमावलीत बदल लागतो, आणि तो करायला उत्पादकांना अजून पुरेसं कारण दिसलेलं नाही.

जोडणी कार्ड ओलांडून हलवताना शेवटच्या पाठवणीचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. पोच आली नाही याचे दोन अर्थ होतात: लिखाण झालंच नाही, किंवा झालं आणि पोच हरवली. साधं लिखाण पुन्हा केलं तर बहुधा बिघडत नाही. पण 'या आकड्यात एक मिळव' असा अणुव्यवहार दोनदा झाला तर हिशेब चुकतो, आणि नव्या कार्डाला जुन्याने काय केलं ते ठाऊक नसतं. वाटा एकाच कार्डात ठेवा म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत मजबूत मुद्दा. मधल्या थरवाल्यांनी त्याला अजून सर्वसाधारण उत्तर दिलेलं नाही, अणुव्यवहार टाळणं एवढाच तोडगा दिसतो.

मग थरांची एकमेकांत होणारी लुडबूड. स्विच वाट सुधारतोय, कार्ड पुन्हा पाठवतंय, लायब्ररीचं घड्याळ संपत आलंय. तिघांच्या मुदती वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात ठरवलेल्या. खालचा थर बरा व्हायच्या आत वरच्याने हार मानली तर नाहक उलथापालथ, आणि वरचा फारच सहनशील असला तर चौतीस सेकंद हजारो जीपीयू नुसते तापत बसतात.

परत कधी यायचं, यावर तर चर्चाच कमी झाली आहे. पूर्ण तुटलेली केबल सोपी. त्रास देते ती अधूनमधून लुकलुकणारी. बाँडिंगमध्ये पोर्ट पुन्हा सुरू दिसल्यावर किती थांबायचं याची मुदत घालता येते. एलनेट बिघडलेल्या कार्डाचे गुण कापतो आणि तपासणीत पास होईल तसे हळूहळू परत देतो. पाथ मायग्रेशनमध्ये आपोआप परतीचा रस्ता नाहीच. यांतली कुठली पद्धत लुकलुकणाऱ्या केबलसमोर बरी ठरते, याची एकाच जाळ्यावर शेजारी शेजारी ठेवून केलेली मोजणी मात्र माझ्या वाचनात आलेली नाही. वेग मोजायला सगळ्यांकडे सारखे बेंचमार्क आहेत. वाट बदलताना किती वेळ गेला आणि किती काम वाया गेलं, हे मोजायला अजून प्रत्येकाची स्वतःची पट्टी आहे.